भोक न पाडलेला डबा

जळकोट,
दि. ३ मे १९८६

दादा,

जय भीम. तू कुणाचंच पत्र घेत नाहीस असं आई सांगत होती. मी तरी लिहिते. फाडायचं असेल तर वाचून फाड.

तुझी सुजाता माझ्याकडे आहे. आई तिला देगलूरला न्यायला आली होती, पण पोरगी माझा पदर सोडेना. जेवते, खेळते. एकच नवीन खोड लागलीय. पाण्याचा पेला पुढं केला की आधी माझ्याकडे बघते. मी एक घोट प्यायले की मगच पिते. पाच वर्षांच्या लेकराला हे कुणी शिकवलं नाही.

नागप्पा जिवंत आहे. उजवा डोळा सोलापूरच्या डॉक्टरांनी काढला. गळ्याचं हाड मोडलंय, हात वर जात नाही. तू खडी फोडायच्या हातोड्याने त्याला किती वेळा मारलंस ते पोलिसांनी मला तीनदा विचारलं. मी म्हणाले, मी बघितलं नाही. तो मेला असता तर तुझं काय झालं असतं ते वकिलांनी आईला सांगितलं, तेव्हापासून आई जेवत नाही. इथल्या कोठडीत जागा नाही म्हणून तुला नांदेडला नेलं, हे बरंच झालं असं मला वाटतं. इथं राहिला असतास तर नागप्पाच्या भावकीने तुला सोडलं नसतं.

त्या दिवसाचं मी लिहीत नाही. चार बायकांनी कारखान्याच्या शेडवर सरजाच्या डब्यातलं पाणी प्यायलं, पाण्यात बियाण्याला लावायचं औषध होतं, तिघी वाचल्या, तुझी सरजा गेली. तुला सगळं माहीत आहे. खडी फोडून तिच्या हाताला फोड आले होते म्हणून मीच तिला शेडवर लावलं होतं. पेरणीच्या आधी दोन महिने सावलीत बसून काम, एवढाच माझा विचार.

मातीवरून आल्यावर तू मला विचारलंस, "डबा कुणी दिला तिला?" मी म्हणाले, "गोदाम नागप्पाच्या ताब्यात आहे." ते खोटं नव्हतं. गोदाम त्याच्याच ताब्यात आहे. हे पत्र जेलचे साहेब वाचतील तर त्यांनीही वाचावं, मी खोटं बोलले नाही.

अंगाला जप.

सिंधू


जळकोट,
दि. २१ जून १९८६

दादा,

मिरग कोरडा गेला. टँकर आता पाचव्या दिवशी येतो. एका घराला चार घागरी, आणि त्याही मिळाल्या तर. काल टँकरवर दोन बायकांनी एकमेकींचे केस धरले, एकीचं कानातलं कानासकट आलं.

नागप्पा कामावर परत आलाय. डोळ्यावर पांढरी पट्टी, हात गळ्यात. मालक म्हणाले होते, बैस घरी. तो नाही म्हणाला. तो शेडवर आला. बाया माना खाली घालून ज्वारीला लाल औषध चोळत राहिल्या.

तुला त्याची सवय ठाऊक आहे का मला माहीत नाही. औषधाचा डबा रिकामा झाला की तो संध्याकाळी सगळे डबे ओळीने पालथे घालायचा आणि पहारेने एकेकाच्या बुडाला भोक पाडायचा. सगळ्या बाया त्याला डबेफोड्या म्हणायच्या. वीस लिटरचा पत्र्याचा डबा, वर कडी, घट्ट झाकण, डोक्यावरून आणला तर एक थेंब सांडत नाही. असल्या दुष्काळात तो फोडायचा म्हणजे बायांच्या काळजालाच भोक. कुणी मागायला गेलं की तो आपल्या कानडी हेलात म्हणायचा, "बेडा, बेडा, नको. धुतल्यानं जात न्हाई ते. शिवणीत बसतंय."

परवा त्याने पहार उचलायला हात घातला आणि ओरडलाच. हाड अजून जुळलेलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तंगी, पहार तू धर." तो मला पहिल्यापासून तंगी म्हणतो, धाकटी बहीण. सगळ्यांदेखत म्हणाला. मी धरली.

नऊ डबे होते. सहावा फोडताना केवळाबाई धावत आली. तीच केवळाबाई, जी त्या पाण्याने तीन दिवस दवाखान्यात फेस गाळत पडली होती. डब्याला मिठी मारून बसली. "एक ठेव. मी राखंनं घासते, दहा दिस उन्हात ठेवते. माज्या घरी सासू अंथरुणात हाय, तिचं धुवायला पाणी साठवायला कायबी न्हाई." मी तिला ओढलं. तिने माझ्या मनगटाला चावा घेतला, मांस दिसेपर्यंत. मी पहार सोडली नाही. मग तिने दगड उचलला आणि माझ्या पाठीत घातला. मीही तिला लाथ मारली दादा, पोटात. आपण दोघं लहानपणी भांडायचो तसं नव्हतं ते. मला तिला मारावंसं वाटत होतं. ती धुळीत पडली आणि ओरडली, "तवा बरं दिलास! आपल्या भावजयीला दिलास, आन मला न्हाई व्हय?"

रागात माणूस काहीही बोलतं. कुणी लक्ष दिलं नाही. मी सातवा फोडला, आठवा फोडला, नववा फोडला. नागप्पा भिंतीला टेकून एका डोळ्याने बघत होता.

तुझं उत्तर नाही. आईला तरी दोन ओळी पाठव.

सिंधू


जळकोट,
दि. ३० ऑगस्ट १९८६

दादा,

तुझे वकील आले होते. खाटेवर बसले, चहा घेतला, मला समोर बसवलं. म्हणाले, "बाई, केस सोपी आहे. नागप्पाने डबा स्वतःच्या हाताने सरजाबाईला दिला, हे तुम्ही पाहिलं. एवढंच सांगायचं. बायकोला विष देणाऱ्यावर नवऱ्याचा हात उठला, कोर्ट समजून घेतं." मालकांचाही माणूस येऊन गेला होता. त्यांनाही तेच हवंय. नागप्पाची चूक ठरली की कारखान्याची चूक उरत नाही. शेडवर हात धुवायला पाणी नव्हतं, हातमोजे नव्हते, प्यायचं पाणी औषधाशेजारी होतं, हे मग कोण विचारतं? जिल्हा नवा झालाय. तपासणीचे साहेब कोणत्या हापिसात बसतात हेच अजून कुणाला नीट सांगता येत नाही.

वकील गेल्यावर मी सुजाताला झोपवलं आणि हे लिहायला बसले. चार दिवस रोज बसतेय.

डबा मी दिला.

सरजा पंधरा दिवस मागत होती. विहिरीच्या पायऱ्यांवर रेटारेटीत पडली होती, तुला तिने नीट सांगितलं नसेल. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सालटं गेलं होतं. तुला सांगितलं तर तू विहिरीवर जाऊन कुणाचं तरी डोकं फोडशील म्हणून गप्प बसली. मला म्हणाली, "सिंधू, एक झाकणाचा डबा दे ना. सांडत न्हाई, एका खेपेत भागतंय." रिकामे डबे मोजून नागप्पाला सांगायचं काम माझं होतं. त्या दिवशी मी अकरा सांगितले. बारावा पोत्यांच्या मागं होता.

त्यावर औषधाची चिठ्ठी होती, कवटीचं चित्र होतं. ती तशीच राहिली असती तर नागप्पाने लांबून ओळखला असता. मी रॉकेल लावून खुरप्याने चिठ्ठी खरवडून काढली. कवटीसुद्धा. मग राखेने घासला आणि एकदा खंगाळला. एकदाच. तीन-चार पाण्यांनी धुवायचा तर पाणी कुठून आणायचं? आठवडाभर मी स्वतःला हेच सांगत होते, पाणी असतं तर धुतला असता. पण नागप्पा रोज सांगायचा की धुतल्याने जात नाही. मी रोज ऐकायचे. मी दहावी शिकलेली, त्या डब्यांवरचं वाचून बायांना सांगणारी मी एकटी.

अजून आहे. उदगीरच्या दवाखान्यात चौघींना टेम्पोतून उतरवलं. सरजाच्या तोंडातून लाळ थांबत नव्हती, अंगाचं मांस जागच्या जागी उडत होतं. डॉक्टर ओरडले, "कोणतं औषध? नाव सांगा लवकर!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "म्हायती न्हाई. डब्यावर चिठ्ठी न्हाई."

मला माहीत होतं. नाव माझ्या जिभेवर होतं. नाव सांगितलं की डबा कुठला, आणला कुणी, हे पुढं येईल, म्हणून मी गिळलं. डॉक्टर डोळ्यांच्या बाहुल्या बघून अंदाजाने सुया भरत होते. नागप्पा उदगीरलाच माल उतरवायला गेला होता, त्याला बातमी लागली. अर्ध्या तासाने तो धावत आला आणि दारातूनच नाव ओरडला. या आठवड्यात एकच औषध उघडलंय, हेच असणार, म्हणाला. डॉक्टरांनी लगेच सुयांचा जोर वाढवला. तिघी वाचल्या. सरजाला उशीर झाला होता.

त्या अर्ध्या तासाने ती वाचली असती का? मी पुढच्या महिन्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला तेवढंही उत्तर मिळालं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी नागप्पाचं नाव घेतलं. तू हातोडा उचललास ते मी पाहिलं. दारातून बाहेर पडलास तेही पाहिलं. तू कुठं निघालास हे मला कळलं होतं. "थांब" एवढं म्हणता आलं असतं. मी चुलीपाशी बसून राहिले.

हे पत्र साहेब वाचणार हे मला ठाऊक आहे. वाचू द्या.

सिंधू


जळकोट,
दि. ७ डिसेंबर १९८६

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. अक्षर दुसऱ्याचं आहे, पण शब्द तुझेच. "बहीण म्हणून येऊ नको." बरं. बहीण म्हणून लिहीत नाही. सुजाताला सांभाळते ती बाई म्हणून लिहिते. ती आता बाराखडी गिरवते. ताप आला होता, उतरला.

त्या पत्रानंतर मी नागप्पाच्या घरी गेले. त्याची बायको गंगम्मा दारात शेंगा निवडत बसली होती. मी बोलत गेले तशी ती उठली, आणि माझं पूर्ण व्हायच्या आत हातातलं सूप माझ्या तोंडावर मारलं. मग चपलेने मारलं. नागप्पा आतून आला, तिला धरलं नाही. तिचा हात थकेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला,

"माजा डोळा तुज्या एका वाक्यात गेला. मी माफ करीत न्हाई. मरंस्तोवर करणार न्हाई."

मी हो म्हणाले.

"पोलिसात सांगितलीस?"

"उद्या सांगते."

"सांग. आन सोमवारी कामावर ये. पहार धरायला माणूस पाह्यजे."

मी पोलिसात सांगितलं. माझ्यावरही निष्काळजीपणाची केस झाली, जामिनावर आहे. मालकांनी मला काढून टाकलं. नागप्पा म्हणाला, ती न्हाई तर मी न्हाई. त्याच्याशिवाय औषधाचं गोदाम चालवणारं कुणी नव्हतं. त्यांनी मला परत घेतलं, पण आमच्या दोघांवर दात धरून.

रब्बीच्या बियाण्याच्या वेळी भडका उडाला. मी बायांना एकत्र बसवून सगळं सांगितलं, डबा, चिठ्ठी, अर्धा तास, सगळं. दोघी माझ्यावर थुंकल्या. केवळाबाई नाही थुंकली. ती म्हणाली, "मग आता काय करायचं ते बोल." आम्ही ठरवलं की हात धुवायला पाणी आणि साबण आल्याशिवाय औषधाचं झाकण उघडायचं नाही. प्यायचं पाणी रस्त्याच्या पलीकडं. भाकर तिकडंच खायची. आणि रिकामा डबा फोडल्यावरच बाया घरी जाणार.

तीन दिवस झाकण उघडलं नाही. चौथ्या दिवशी मालकांचा माणूस टेम्पो घेऊन आला, बरोबर बाहेरच्या बाया. आम्ही फाटकात आडव्या झालो. त्याने आमचा पलीकडचा रांजण लाथेने फोडला. पाच दिवसांचं पाणी डोळ्यांदेखत मातीत गेलं. केवळाबाईने रांजणाचं खापर उचललं आणि त्याच्या तोंडावर मारलं. त्याचा ओठ फाटला, दोन दात पडले. त्याने तिला केसाला धरून फाटकावर आपटलं. मी त्याच्या पायाला मिठी मारली, त्याने बुटाने माझी बरगडी मोडली. मग टेम्पोतल्या बाहेरच्या बाया खाली उतरल्या. त्यांनी जमिनीवरचा ओला डाग बघितला. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "ह्यानं पानी सांडलं गं," आणि मग त्या त्याला मारायला लागल्या. नागप्पा मध्ये पडला नसता तर तो माणूस मेला असता. नागप्पा डाव्या हाताने एकेकीला ओढून बाजूला करत होता आणि ओरडत होता, "बेडा! अजून कुणाचा डोळा जायला नको!"

आता टँकर आधी शेडवर येतो. साबण आहे. खरूज झालेले हात बरे होऊ लागलेत. हे सगळं आधीही करता आलं असतं. सरजा गेल्यावर झालं.

मला बसताना बरगडी दुखते, म्हणून इथं थांबते.

सिंधू


लातूर,
दि. १९ फेब्रुवारी १९८७

दादा,

लातूरच्या एस. टी. स्टँडवर बसून लिहिते. कपाळाला चार टाके पडलेत, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

कोर्टात मी काय बोलले ते तू ऐकलंसच. तुझे वकील बाहेर मला म्हणाले, "तुम्ही गप्प बसला असता तर दोन वर्षांवर भागलं असतं. तुमच्या सांगण्याने पाच झाली." मी ऐकून घेतलं. नागप्पाने तुला अडकवायला एक शब्द वाढवून सांगितला नाही, हेही तू ऐकलंस. न्यायाधीशांनी विचारलं, मारताना आरोपी काय म्हणत होता? तो म्हणाला, "माज्या बायकोला इख पाजलास म्हणत व्हता. मी न्हाई म्हणालो. त्याला ऐकू येत नव्हतं, रडून राहिला व्हता." मला हे माहीत नव्हतं, की तू मारताना रडत होतास.

पायरीवर तुला खाली नेत होते तेव्हा मी मुद्दाम बाजूला झाले नाही. तू बेड्यांसकट दोन्ही हात माझ्या डोक्यात घातलेस. मी तक्रार दिलेली नाही. पोलीस तुला काठीने मारायला लागले तेव्हा तुझ्या अंगावर मी पडले, ते बहीण म्हणून नव्हे असं समज हवं तर. त्या गोंधळात, खाली पडल्या पडल्या, तू मला दहा महिन्यांत पहिली गोष्ट बोललास. "सरजा माजं नाव घेत व्हती का गं?" मी तोंड उघडेपर्यंत तुला गाडीत कोंबलं.

म्हणून आजच लिहिते.

नाही दादा. तुझं नाव तिने घेतलं नाही. मला खोटं सांगता आलं असतं, तुला बरं वाटलं असतं.

दुपारी जेवणाच्या वेळेला तिने झाकण उघडलं आणि आधी स्वतः प्यायली, डबा विहिरीवरून डोक्यावर आणल्यामुळे दोन लोटे एका दमात. मग केवळाबाईला, मग बाकी दोघींना एकेक घोट. पाचव्या बाईने लोटा तोंडाला लावला तेवढ्यात सरजाने पोट धरलं. तिला काय झालं ते तिला आधी कळलं, आम्हाला कुणालाच नाही. तिने त्या पाचवीच्या हातातला लोटा हिसकून भिंतीवर फेकला. बाकीच्या बाया रांगेत उभ्या होत्या, सतरा जणी, उन्हाने जीभ कोरडी पडलेल्या. सरजा गुडघ्यावर आली, तरी डब्यापर्यंत सरकली आणि लाथ मारून तो आडवा केला. बाया ओरडल्या, पाणी सांडलं म्हणून एकीने तिच्या पाठीत गुद्दा घातला. ती डब्यावर पालथी पडून राहिली, कुणाला तो उभा करू दिला नाही. "पिऊ नका, पिऊ नका." एवढंच बोलत होती. टेम्पोत बोलणं बंद झालं.

सतरा बाया आज जिवंत आहेत. त्यातल्या अकरा जणी आजही शेडवर येतात. मी हे तुला सुरुवातीला सांगितलं नाही, कारण हे सांगताना डबा कुठून आला तेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितल्यावर हे बोलायला तोंड उरलं नाही.

सुजाताला मी काल हे सांगितलं. तिला जेवढं कळेल तेवढं. ती म्हणाली, "आई भांडली?" मी म्हणाले, हाव, लई भांडली.

माझी केस पुढच्या महिन्यात उभी राहील. मला शिक्षा झाली तर पोरगी आईकडे देगलूरला जाईल. नाहीतर माझ्याकडेच. तू सुटशील तेव्हा ती कुणाकडे राहील ते तू ठरव, मी बोलणार नाही.

नांदेडला गुरुवारी भेटायला सोडतात असं कळलं. येऊ नको म्हणालास, तरी मी येणार आहे, पोरीला घेऊन. मध्ये जाळी असते म्हणे. तिथून मला मारता येणार नाही. बोलावंच लागेल.

सिंधू